मोठं दिसलं, नीट नाही

वडाळ्याची सितारा रोज सकाळी दह्याचं पातेलं घेऊन नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत यायची. दही घरच्या म्हशींचं. एके दिवशी मात्र एकाही दारातून भांडं पुढे आलं नाही.

कारण सोसायटीच्या ग्रुपवर होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या जीवनने फोनला जोडायचा मायक्रोस्कोप ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर ‘सोळाशे पट’ असं छापलेलं. नवी वस्तू हातात आली की ती कुणावर तरी चालवून बघायची खाज सुटतेच. जीवनने दह्याचा थेंब पाण्यात कालवून काचेवर ठेवला, दिसलं ते फोनवर आणखी मोठं केलं आणि व्हिडिओ टाकला: ‘बघा, जंतू वळवळतायत. हे आपण मुलांना खाऊ घालतो.’ शेजारच्या सोसायट्यांतही तो पोचला. सिताराला कुणी काही विचारलं नाही. विचारतं कोण?

ती जीवनच्या दारात उभी राहिली. “भाऊ, या दह्यावर माझं घर चालतं. माझी पोरंपण हेच खातात. तुम्ही काय बघितलं ते मलापण दाखवा ना.”

समोरच्या छायाताई बाहेर आल्या. त्यांनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला. त्या जीवनला गॅलरीत घेऊन गेल्या. “त्या समोरच्या डोंगरावरच्या पांडवलेणीच्या पायऱ्यांचा फोटो काढ. माणसं किती आहेत?”

“एक ठिपका दिसतोय.”

“मोठा कर. एक माणूस की दोन?”

“ठिपकाच मोठा झाला, ताई. कळत नाही.”

“तुझ्या यंत्राचंही तेच. मोठं करणं वेगळं आणि जवळजवळचे दोन ठिपके सुटे दाखवणं वेगळं. त्याला विभेदनक्षमता म्हणतात. ती भिंगात असावी लागते, खोक्यावर छापून येत नाही. धूसर चित्र कितीही ताणलं तरी धूसरच राहणार.”

मग त्यांनी आपला जुना, जड मायक्रोस्कोप काढला आणि सिताराच्या दह्याचा तसाच पाण्यात कालवलेला थेंब त्याखाली ठेवला. जीवन वाकला. वळवळणारे जंतू कुठे नव्हतेच. होते ते स्वच्छ, गोल थेंब, पाण्यात हळूहळू तरंगणारे.

“लोणी आहे ते,” छायाताई म्हणाल्या.

“म्हणजे जंतू नाहीतच?”

“आहेत की. त्यांच्याशिवाय दही लागेल कसं? विरजणात तेच तर असतात. पण ते इतके बारीक, की तुझ्या खेळण्यात दिसायचेच नाहीत. जे दिसलं नाही त्याचं नाव तू दिसलेल्याला दिलंस. खरं सांग, मोठ्या डेअरीचं दही असतं तर टाकला असतास व्हिडिओ?”

जीवन सिताराकडे वळला. “चुकलं माझं.”

“मला सांगून काय उपयोग, भाऊ? मला तर माहीतच होतं.”

त्याने ग्रुपवर माफी मागितली. ती कुणीच पुढे पाठवली नाही. माफीला कुठे इतके पाय असतात! तेव्हा दुसऱ्या सकाळी दह्याचं पातेलं जीवनने उचललं आणि सिताराबरोबर तो दारोदार गेला. प्रत्येक दारात तेच सांगितलं, “तो व्हिडिओ माझा होता, आणि खोटा होता.” काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. उरलेल्या दारांसाठी तो पुन्हा जाणार आहे.

मित्रहो, मोठं करून दाखवणारी यंत्रं आता तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या खिशात आहेत. दुसऱ्याचा दोष मोठा करण्याआधी तो आपल्याला नीट दिसलाय का, एवढं विचारावं. दिसला नसेल तर सरळ त्याच्या दारात जाऊन विचारावं. सितारा तेच करायला आली होती.