ऑक्टोबर गिळणारा संघ

गेलिब्रँड या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या डॉक्टरच्या खोलीत एक फ्रिज होता. तो बर्फाच्या पिशव्यांसाठी आणलेला, पण ऑगस्ट उजाडेपर्यंत त्याच्या दारावर निम्मा संघ चिकटला होता. प्रशिक्षक वॉरिक हेन्शॉ पांढऱ्या फळ्यावर संघ मांडायचा तो नावं लिहिलेल्या लोहचुंबकाच्या चकत्यांनी. माणूस जायबंदी झाला की त्याची चकती फळ्यावरून उतरवायची आणि डॉक्टरच्या फ्रिजवर डकवायची, अशी तिथली रीत. आता फ्रिजवर बोट ठेवायला जागा नव्हती आणि फळा ओस पडला होता.

चव्वेचाळीसपैकी एकवीस जण दारावर होते. मांडीचे स्नायू, गुडघे, खांदे हे नेहमीचे पाहुणे होतेच. पण एक जण स्वतःच्याच कुत्र्याला अडखळून पडला होता. दुसऱ्याचं बोट बाळाची ढकलगाडी मिटताना तिच्यात सापडलं होतं. आणि संघातला सर्वांत उंच गडी सभासदनोंदणीच्या जाहिरातीसाठी पेलिकनचा पोशाख चढवून नाचताना घोटा मुरगळून बसला होता. ही यादी दर मंगळवारी जाहीर करणं डॉक्टर मेरिन टोलीचं काम. मेलबर्नचे वार्ताहर ती मृत्युलेखासारखी वाचून दाखवत.

गुरुवारी सकाळी वॉरिक फ्रिजसमोर हात जोडून उभा होता.

“एखादा तरी उठेल का गं यातला?”

“हा फ्रिज आहे वॉरिक, देव्हारा नाही.”

“शनिवारी तेवीस लागतात. माझ्याकडे बरोबर तेवीस आहेत, तेही डॉमला धरून. जिंकलो तर पहिल्या आठात, म्हणजे बाद फेरीत. हरलो तर सप्टेंबरमध्ये मी घरी भिंती रंगवणार. पत्रकार विचारतात, संघाची खोली किती? काय सांगू? बशीएवढी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!”

“डॉमची चाचणी दहाला आहे. पाचच्या आत सांगते.”

“सांगायचं काय त्यात? शनिवारी तूच त्याला पास केलंस.”

ते खरं होतं. गेल्या शनिवारी उंच उडालेल्या एका प्रतिस्पर्ध्याचा गुडघा डॉम स्कार्पाच्या कानशिलावर बसला. डॉम आडवा झाला, उठला, आणि चुकीच्या दिशेने चार पावलं चालला. मेरिनने त्याला आत नेऊन ठरलेले प्रश्न विचारले. मोसम सुरू होण्याआधी, डिसेंबरमध्ये, प्रत्येक खेळाडूला हेच प्रश्न विचारून गुण लिहून ठेवतात. मार लागला की नवे गुण जुन्यांशी ताडून बघायचे. कमी भरले तर मेंदूला धक्का, म्हणजे किमान बारा दिवस घरी. डॉमचे गुण कमी भरले नाहीत. तिने त्याला परत मैदानात सोडलं.

दहा वाजता डॉम आला तो शीळ घालत. वय एकोणतीस, नाक तीन वेळा मोडून चौथ्यांदा जरा बरं बसलेलं. शनिवारचा सामना त्याचा दीडशेवा. शेपर्टनहून स्कार्पांची अख्खी बस येणार होती, आज्जीसकट.

“डोकं दुखतं?”

“नाही.”

“उजेड सोसतो?”

“सोसतो की.”

“वर्षाचे महिने उलटे म्हण.”

डॉमने डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत बाराही महिने एका दमात म्हटले. दहा शब्द ऐकवले, त्यातले नऊ त्याने परत सांगितले. पाच आकडे उलटे म्हणून दाखवले आणि वर डोळा मिचकावला.

“पास ना, डॉक?”

“पास काय, पहिला आलास. डोक्यात गुडघा बसल्यापासून तुझी बुद्धी दुप्पट झालीये. हे आधी कळलं असतं तर शाळेतच कुणीतरी हाणला असता.”

“आमची आई हेच म्हणायची.”

तो हसत गेला. मेरिन हसली नाही. शनिवारी घाईत तिने फक्त बेरजा ताडल्या होत्या. आता तिने कपाटातून डॉमचं डिसेंबरचं कार्ड काढून उत्तरं वाचली. दहा शब्दांपैकी आठवलेले चार. महिने: डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर, ऑगस्ट. ऑक्टोबर गायब.

असेल, चुकतो माणूस. पण हाताला लागलं म्हणून तिने पुढचं कार्ड बघितलं. डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर. त्याच्या पुढचं. डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर. ती खाली फरशीवरच बसली आणि चव्वेचाळीस कार्डं भोवती पसरली. सदतीस जणांच्या वर्षाला ऑक्टोबर नव्हता. ज्या सातांनी तो म्हटला त्यांतले चौघे दुसऱ्या क्लबांतून नुकतेच आलेले. उरलेले तिघे बहुधा विसरायचं विसरले होते.

डिसेंबरमध्ये ती स्वतः इथे असती तर दुसऱ्या-तिसऱ्या कार्डालाच तिच्या ध्यानात आलं असतं. पण तेव्हा वडील न्हाणीघरात पडले होते, आणि दोन आठवडे ती हॉस्पिटलच्या खुर्चीत होती. कार्डं मदतनिसांनी भरली.

तिने डॉमला परत बोलावलं. व्यायामशाळेतून घाम पुसत आलेल्या डॉमने फरशीवरची कार्डं पाहिली आणि त्याची शीळ बंद पडली.

“मुद्दाम चुकलात,” ती म्हणाली. “म्हणजे पुढे डोकं फुटलं तरी गुण जुन्याइतकेच भरावेत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर निदान प्रत्येकाने वेगळा महिना तरी गाळायचा रे. सगळ्यांनी एकच?”

“लक्षात ठेवायला सोपा होता,” डॉम पुटपुटला.

“कुणी शिकवलं?”

डॉमने वाकून एक कार्ड उचललं आणि परत ठेवलं.

“डॉम.”

“जाऊ द्या ना, डॉक.”

“कुणी?”

“पॉपनी.”

पॉप म्हणजे क्लेम टोली. मेरिनचे वडील. आधी याच क्लबचे बचावपटू, एकशेबारा सामने. मग तीस वर्षं मालिश, पट्ट्या, शुद्धीवर आणायला हुंगवायची नवसागराची बाटली. निवृत्तीनंतर दर बुधवारी वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन हजर. खेळाडू त्यांना पॉप म्हणत. त्यांना जाऊन अकरा आठवडे झाले होते.

“काय म्हणाले ते?” मेरिनने विचारलं. आवाज बरा निघाला.

“चाचण्यांच्या आधी सूप घेऊन आले तेव्हा म्हणाले, पोरांनो, ऑक्टोबरमध्ये फुटबॉल नसतो, म्हणजे तो महिनाच नसतो. सप्टेंबर संपला की पिऊन पडायचं आणि थेट नोव्हेंबरात शुद्धीवर यायचं. तर माझ्या पोरीने महिने विचारले की ऑक्टोबर गिळायचा.” डॉमला हसू आलं आणि त्याने ते आवरलं. “आमच्या भल्यासाठीच हो. ते म्हणायचे, जागा एकदा सुटली की सुटली. मागे दहा जण टपलेले असतात.”

मेरिनने फ्रिजकडे बोट दाखवलं. “मागे कुणीसुद्धा नाहीये, डॉम. बघ की.”



“मी शनिवारी खेळणार ना?”

“डोकं दुखतं का?”

डॉमने मानेवरचा घाम पुसला. “सकाळी. थोडं. कॉफी घेतली की जातं.”

“नाही खेळणार.”

“डॉक, दीडशेवा आहे. बस ठरलीये. आज्जी पंच्याऐंशीची आहे, पुढच्या वेळी असेल की नाही कोण जाणे. पॉप असते तर त्यांनी मला खेळू दिलं असतं.”

“हो,” मेरिन म्हणाली. “दिलं असतं.”

तो गेल्यावर तिने कार्डं गोळा केली. मार्चमधली सकाळ तिला आठवली. स्वयंपाकघराच्या टेबलापाशी तिने वडिलांना महिने उलटे म्हणायला लावले होते. त्यांनी ऑक्टोबर गाळला आणि गालातल्या गालात हसले. तिने त्याच दुपारी मेंदूच्या फोटोची वेळ घेतली, गाडीची किल्ली काढून घेतली, पावाच्या डब्यावर सूचना चिकटवल्या. फोटो वाईटच निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, इतका मार खाल्लेल्या माणसाचा असाच निघतो. खेळताना आपण आठ वेळा बेशुद्ध पडलो असं ते सांगत. आई म्हणे, नऊ. नववी यांना आठवत नाही. ते सगळं खरं होतं. पण त्या सकाळचा तो ऑक्टोबर ते विसरले की त्यांनी गिळला, हे आता सांगणारं कुणी नव्हतं.

तीन वाजता ती वॉरिकच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. तो फळ्याला टेकून ऐकत होता. संपल्यावर त्याने आधी दार लावलं.

“कागद काय म्हणतो?”

“कागद म्हणतो, ठणठणीत.”

“मग?”

“कागद खोटा आहे, वॉरिक. ताडायला काही नाहीच, म्हणजे धक्का बसलाय असंच धरायचं. बारा दिवस. आणि सदतीस जणांच्या चाचण्या नव्याने घ्यायच्या. लीगला कळवावं लागेल.”

“लीगला! दुष्काळात तेरावा महिना!” वॉरिक खुर्चीत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, “ते विचारतील, शिकवलं कुणी?”

“नाव सांगेन.”

“मेरिन, अकरा आठवडे झालेत. पोरांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. मी त्या माणसाच्या हातून पट्ट्या बांधून घेतल्यात, अठरा वर्षांचा होतो तेव्हा. पुढच्या महिन्यात मैदानाच्या स्टँडला त्याच्या नावाची पाटी लावायचीये. तुझा बाप म्हणून नाही, आमचा म्हणून सांगतो. कार्डं कपाटात ठेव. डॉमला एवढा एक सामना खेळू दे. मग हवं तर बोटाचं दुखणं लिही आणि बसव महिनाभर.”

खिडकीबाहेर मैदानावर दोघं धडधाकट बचावपटू एकमेकांना चेंडू मारत होते. ते एकमेकांवर आदळू नयेत असं तिला मनापासून वाटलं.

“मी शनिवारी त्याला परत आत सोडला,” ती म्हणाली. “माझ्या सहीने. दुसऱ्यांदा नाही सोडणार.”

“आणि क्लेमची पाटी?”

“लावा की. ऑक्टोबरमध्ये लावा.”

वॉरिकने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसतोय की आणखी काही, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. मग त्याने फळ्यावरून डॉमची चकती उचकटली आणि तिच्या हातात दिली. “घे. कर अंत्यविधी.”

पत्र लिहायला तिला वीस मिनिटं लागली. “हा प्रकार क्लबचे दिवंगत कार्यकर्ते क्लेम टोली यांनी खेळाडूंना शिकवला. ते माझे वडील होत.” दुसरं वाक्य तिने खोडलं, मग परत लिहिलं, आणि पाठवून दिलं.

आता तेविसावा माणूस हवा होता. मुख्य यादी संपली तर राखीव संघातल्या एखाद्या हौशी खेळाडूला एका सामन्यापुरतं घेण्याची परवानगी लीग देते. राखीव संघाचीही अवस्था अशी की निवडायला फारसं काही उरलं नव्हतं. वॉरिकने मेरिनसमोरच रस्टी ब्लॅमीला फोन लावला. वय तेहतीस, धंद्याने प्लंबर. फोन आला तेव्हा तो वेरिबीत कुणाच्या तरी सिंकखाली आडवा होता.

“थांबा, पाणी बंद करतो. हां, बोला.”

“शनिवारी खेळशील?”

“शनिवारी आमचा सामना नाहीये, बॉस.”

“आमचा आहे. मुख्य संघात.”

पलीकडे पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला.

“किती जण मेलेत?” रस्टीने विचारलं.

शनिवारी आभाळ भरून आलं होतं आणि खाडीवरून बोचरं वारं येत होतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याला जर्सी त्याच्या घरच्यांनी द्यायची असते. रस्टीला ती बायकोने आणि तीन मुलींनी दिली. दाराशी आणखी एक बाई उभी होती. ती सिंकवाली. काम पुरं कधी होणार एवढं विचारायला आली होती, पण रडली तीच सर्वांत जास्त.

स्कार्पांची बस आली ती आलीच. पैसे भरलेले होते. आज्जी दुसऱ्या रांगेत खिम्याचा पॅटिस खात बसली होती आणि मधूनमधून मेरिनकडे असं बघत होती की सॉसची बाटली तिच्या हातात नसती तर बरं झालं असतं.

डॉम क्लबचं जाकीट घालून खेळाडूंच्या बाकावर, मेरिनच्या शेजारी बसला. ती जागा त्याने निवडलेली नव्हती, तेवढीच रिकामी होती. पूर्वार्धात तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. बोलण्यासारखं काही घडतही नव्हतं. गेलिब्रँड चोपन्न गुणांनी मागे होता, आणखी एकाची मांडी धरली होती, आणि वॉरिकने फोन दोनदा आपटून तिसऱ्यांदा तो चालतो का ते बघितलं होतं.

सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात रस्टीने कुणालातरी आडवं पाडून चेंडू काढला आणि धापा टाकत वीस पावलं पळाला. प्रेक्षक उठून ओरडले.

“तो सत्तेचाळीस नंबर कोण?” डॉमने विचारलं. समोर बघतच, पण विचारलं.

“रस्टी ब्लॅमी. प्लंबर आहे, वेरिबीचा.”

“बरा पळतो.”

“हो.”

मेरिनला जरा सैल वाटलं. बोलला तर खरं. तिने मांडीवाल्याच्या बर्फाची पिशवी बदलली, त्याचं नाव वहीत लिहिलं, येऊन पुन्हा बसली. मैदानावर रस्टीने गोलच्या खांबांकडे एक लांब लाथ हाणली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, गोलच्या सहाऐवजी एकच गुण मिळाला, तरी त्याच्या मुली कुंपणाशी नाचायला लागल्या.

“डॉक,” डॉम म्हणाला, “तो सत्तेचाळीस नंबर कोण?”

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. सूर्याचा पत्ता नव्हता, तरी त्याने डोळे बारीक केले होते, आणि त्याच्या मागेच दुसऱ्या रांगेत आज्जी त्याला हात हलवून दाखवत होती.

“रस्टी ब्लॅमी,” मेरिन पहिल्यांदाच सांगावं तसं म्हणाली. “प्लंबर आहे, वेरिबीचा.”

“बरा पळतो.”

“हो ना.”

हे काम तिला येत होतं; वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत ती ते शिकली होती. तिने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोळ्यांवर पुढे ओढून बसवली. एका हाताने तो नको म्हणत होता; तिने तो हात धरून ठेवला आणि सामना संपेपर्यंत सोडला नाही.