अजून दुधाळ

नाद्याने भिंग डोळ्याला लावलं, श्वास रोखला आणि ती फुलाच्या अगदी जवळ झुकली. आधी नुसतं हिरवं धुकं दिसलं. मग हात स्थिरावला तशा त्या धुक्यातून इवल्या इवल्या काड्या वर आल्या. प्रत्येकीच्या टोकावर एकेक थेंब, कुणी काचेच्या टाचण्यांचं रान पेरावं तसं.

“बोल,” पापा म्हणाले. ते मागे लाकडी खुर्चीत बसले होते, तोंड किंचित बाजूला वळवून. सरळ पाहिलं की त्यांना मधोमध काळा डाग दिसे. जग उरलं होतं ते कडेकडेने.

“निम्मे काचेसारखे. निम्मे दुधाळ.”

“मधाच्या रंगाचा?”

“एकही नाही.”

“लिही. दिवस पंचेचाळीस.”

तिने वहीत लिहिलं. फुलं धरावीत म्हणून दिवे दिवसाला बारा तासांवर आणले तो पहिला दिवस, तिथपासून फुलोरा मोजायचा, अशी पापांची रीत. अडतिसाव्या दिवसापर्यंतच्या नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या. अक्षर मोठं मोठं होत गेलेलं, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. पुढे कोरं पान.

नाद्या कॅलगरीहून आली होती ती त्यांना घेऊन जायला. कॅसलगारच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली होती, खिडकीतून नदी दिसणारी. पापा भांडले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ही गांज्याची फुलं उतरली की येतो. थेंब आधी काचेसारखा, मग दुधाळ, मग मधासारखा. दहांतला एक मधासारखा झाला की कापायची. त्याआधी नाही.”

नाद्याने मनातल्या मनात हिशेब केला, फार तर अडीच आठवडे. आणि भिंगातून पाहायला तिच्याइतकं योग्य माणूस तरी कोण होतं? सव्वीस वर्षं ती दातांच्या कवळ्या बनवत होती. पांढऱ्याच्या सोळा छटा ती नुसत्या नजरेने सांगायची. दुधाळ कुठे संपतं आणि मध कुठे सुरू होतो, यात तिची चूक होणं शक्य नव्हतं.

नोव्हेंबर लागला होता. स्लोकनच्या खोऱ्यात या दिवसांत सूर्य डोंगराआडूनच येतो नि आडूनच जातो. दुपारी दोनला वर स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. घरातलं ऊन काय ते खाली तळघरात. पिवळसर, उबदार, न हलणारं. चार रोपं त्या उन्हात जड माना सांभाळत उभी असत, छोटा पंखा त्यांना डोलवत राही. राळेचा, लिंबाच्या सालीचा, ओल्या मातीचा वास अंगावर शालीसारखा बसे. नोंद झाल्यावर लगेच वर जायची नाद्या दुसऱ्या आठवड्यात तिथेच पायरीवर बसून राहू लागली. कधी दोघं तासभर बोलत नसत. कधी पापा डोळे मिटून त्यांच्या आईची रशियन भजनं गुणगुणत, आणि तिला वाटे, आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कुणी हाक मारणार नाहीये.

लहानपणी याच तळघराच्या दाराला कुलूप असे. ती आठ वर्षांची असताना एकदा ओट्यावर दोन पोलीस आले होते. एकाने तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, “तळघरात काय आहे गं?” तिने पढवलेलं उत्तर दिलं, “बटाटे.” ते हसले आणि गेले. त्यानंतर घर सोडेपर्यंतची दहा वर्षं ती सगळ्यांना बटाटेच सांगत राहिली. एकाही मैत्रिणीला तिने घरी आणलं नाही. वाढदिवस केला नाही. अठराव्या वर्षी बस पकडली ती जणू श्वास घ्यायला.

अठ्ठावन्नाव्या दिवशी, भिंग पुसता पुसता, तिने सहज विचारावं तसं विचारलं, “मी शाळा सोडली तेव्हा इथे किती झाडं होती, पापा?”

“तेव्हा? तेव्हा बटाटे होते.”

“पापा, पन्नाशी गाठली मी. आता तरी माझ्याशी खोटं नको.”

“बटाटेच होते, पोरी.” पापांनी खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. “ते पोलीस आले ना, मी दाराआड उभा होतो. तू ‘बटाटे’ म्हणालीस. चाचरली नाहीस, मागे वळून पाहिलं नाहीस. आठ वर्षांची पोर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला शाळेत सोडलं आणि सगळं उपटून खताच्या खड्ड्यात गाडलं. मग लाकूडगिरणीत लागलो. पुढे तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात परत लावली, तोवर कायद्यानेच घरटी चार रोपं चालायला लागली होती.”

नाद्या भिंग पुसतच राहिली.

“मग कुलूप कशाला होतं?”

“उजेड लागला की बटाटे हिरवे पडतात.”

तिला हसू आलं. आणि हसूच येतंय असं वाटत असताना डोळे भरले. दहा वर्षं. ती बटाट्यांची राखण करत बसली होती.

“मला सांगायचं होतंत.”

“कसं सांगणार?” पापा कडेच्या नजरेने तिच्याकडे पाहायचा प्रयत्न करत होते. “आधी हे कबूल करावं लागलं असतं, की लेकीला खोटं बोलायला मीच शिकवलं. रोज म्हणायचो, आज सांगू. मग तू गेलीस.”

पंखा फिरत राहिला. त्या दिवशी ती दिवे मालवेपर्यंत वर गेली नाही.

त्रेसष्टाव्या दिवशी भिंगाखाली मध दिसला. दहांत एक कुठला, चांगले दोन. फुलांचे पांढरे तंतू तांबूस होऊन आत वळले होते. शंकेला जागाच नव्हती.

“बोल.”

“अजून दुधाळ,” नाद्या म्हणाली.

शब्द इतका सहज निघाला की तिची तीच दचकली. तिने वहीतही तेच लिहिलं. चौसष्टाव्या दिवशीही. पासष्टाव्या दिवशी तिच्या कारखान्यातून फोन आला, कधी येणार म्हणून. तिने सांगितलं, “अजून नक्की नाही.” आश्रमाचा फोन वाजला तेव्हा ती अंगणात लाकडं रचायला गेली.

सहासष्टाव्या दिवशी समोरची मेबल पोझ्निकॉफ बोर्श्टचं, म्हणजे बीटाच्या सूपचं, भांडं घेऊन आली. पापा तिला गुडघ्यांसाठी याच फुलांचं मलम करून देत, त्यामुळे या पिकावर आपला अर्धा हक्क आहे असं ती धरून चाले. “एली पेरेपेल्किन, पोर नऊ महिन्यांत होतं, तुझी फुलं नऊ आठवड्यांत होईनात!” असं ओरडत ती एकेक पायरी उतरली आणि मध्येच थांबली. नाक वर करून तिने हवा ओढली.

“अरे देवा. ही तर पिकून चालली! आंधळा झालास ते कळलं, पण नाकही गेलं का तुझं?”

नाद्याचा चेहरा तापला. तिने भिंग मुठीत घट्ट धरलं.

“नाद्याला अजून दुधाळ दिसतात,” पापा शांतपणे म्हणाले. “नजर तिची आहे. मी तिच्या शब्दाबाहेर नाही.”

मेबलने बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग भांडं पायरीवर ठेवलं.

“बोर्श्ट गरम आहे तोवर खा दोघं,” ती म्हणाली आणि गुडघे धरत वर निघून गेली.



“कधीपासून कळलं तुम्हाला?” नाद्याने विचारलं.

“त्रेसष्टाव्या दिवशी वास बदलला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बसतेस ना इथे,” पापा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कापणी केली. पापा बोटांनी चाचपत देठ शोधत, कात्री लावत. नाद्या फांद्या दोरीवर उलट्या टांगत जाई. दोघांचे हात राळेने काळे चिकट झाले. पहिलं झाड झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यापाशी पापांचा हात थांबला. त्यांनी कात्री बाकावर ठेवली आणि खुर्चीत बसून तोंड किंचित बाजूला वळवलं.

“याचं काय दिसतं, बघ बरं.”

नाद्याने हात पुसले आणि भिंग डोळ्याला लावलं. फुलं जड होऊन वाकली होती. थेंबन् थेंब मधाचा झालेला, काही तर गडद, जुन्या मधासारखे. ती नीट पाहत राहिली, जितकं एखाद्या दाताकडे पाहिलं असतं तितकं.

“काचेसारखे,” ती म्हणाली. “सगळेच्या सगळे.”

पापांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

“सगळे? मग याला महिना तरी लागेल.”

“लागेलच.”

“लिही,” पापा म्हणाले. “दिवस पहिला.”