माझ्या पोटातला बाईंचा आवाज

टेबलाखाली पाय लांबवणाऱ्या प्रत्येकाची लाथ ज्याला बसते, तो मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मित्रांनो, माझा पांढरा रंग केव्हाच पिवळा पडला आणि माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. पण माझेही दिवस होते.

बाजारातल्या एका छोट्या दुकानात माझा जन्म झाला. दुकानदाराने कुठून डिस्क आणली, कुठून पंखा आणला, सगळे एका पेटीत बसवले आणि मला एका निवृत्त शिक्षिकेच्या हवाली केले. सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. शाळा सुटली तरी बाईंची वाचनाची हौस सुटली नव्हती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, अशा लोकांसाठी त्या पुस्तके मोठ्याने वाचत आणि तो आवाज माझ्यात साठवत. दारे-खिडक्या घट्ट लावून, पदराने घाम टिपत वाचत. "गुणी आहे हो हा, कधी अडून बसत नाही," असे त्या आल्यागेल्याला सांगत आणि मला अगदी धन्य वाटे.

त्या पुस्तकांशेजारी माझ्यात आणखी एक फोल्डर होते. बाईंनी त्याला 'घरचे' असे नाव दिले होते. त्यात मुलांची भांडणे होती, धाकट्याने अडखळत म्हटलेली कविता होती, आणि बाईंच्या यजमानांचे गडगडाटी हसणे होते. यजमान पुढे वारले. ते हसणे तेवढे माझ्यापाशी राहिले.

मग बाईंच्या घशाला दुखणे झाले. ऑपरेशनमध्ये त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. जीव वाचला, आवाज गेला. त्या पाटीवर लिहून बोलू लागल्या आणि माझ्याकडे फिरकेनाशा झाल्या. माझ्यावर धूळ साचली. मी काय बोलणार? गप्प माणसाच्या घरात मीही गप्प बसलो.

एके दुपारी फोन वाजला. बाईंची मुलगी, जिला घरात सगळे ताई म्हणतात, तिने तो स्पीकरवर टाकला. पलीकडे वेताच्या खुर्च्या विणणारे काका होते. त्यांना जन्मापासून दिसत नाही.

"बाई, त्या दीपगृहावरच्या म्हाताऱ्याचं काय झालं हो? त्याच्या मुलाची होडी परत आली का? तुम्ही मधेच सोडलंत, माझा जीव टांगणीला लागलाय."

बाईंनी पाटीवर लिहिले : 'शेवट वाचून ठेवलाय. मशीनमध्ये आहे.'

अशी माझी आठवण झाली. मला सुरू केले तेव्हा मी उठलो खरा, पण माझी डिस्क टकटक करू लागली. दुरुस्तीवाले आले, त्यांनी माझ्या पेटीला कान लावला आणि मान हलवली.

"डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आता बंद करू नका, परत उठेल याची हमी नाही. पेनड्राइव्हच्या खाचाही गंजल्यात. जे काढायचंय ते नेटवर्कच्या वायरीतून काढा, आणि लवकर."

ताईने वायर जोडली. पण मित्रांनो, वायर जोडली म्हणजे मने जुळली असे होत नाही! ताई चित्रकार आहे. तिचा लॅपटॉप एका तऱ्हेच्या प्रणालीवर चालतो, तिच्या भावाचा दुसरीवर आणि मी तिसरीवर. भावाला दाढी आली तरी घरात तो छोटूच.

"अरे छोटू, माझ्याकडे हा दिसतच नाहीये!" ताई म्हणाली.

मी तर जिवाच्या आकांताने वायरीतून हाका मारत होतो.

"तो बोलतोय गं," छोटू म्हणाला, "पण त्याची बोली जुनी आहे. त्या बोलीतून चोर घुसायचे, म्हणून नव्या मशीनांनी ती बंदच केलीय. मी माझ्याकडे तेवढ्यापुरती चालू करतो. तो मला सांगेल, मी तुला सांगेन."

त्याने तसे केले आणि मी त्याला दिसलो. पण दारात माझ्याच पहारेकऱ्याने त्याला अडवले : पासवर्ड? छोटूने वाढदिवस घालून पाहिले, गल्लीतल्या कुत्र्याचे नाव घालून पाहिले. प्रत्येक वेळी मी 'प्रवेश नाकारला' म्हणत राहिलो. माझ्या तोंडात घालून ठेवलेली वाक्येच मला बोलता येतात. स्वतःच्या मुलांना घराबाहेर उभे करणाऱ्या आंधळ्या द्वारपालासारखी माझी गत झाली. आत डिस्क टकटकत होती.

बाईंनी पाटी पुढे केली : 'पासवर्ड कधी ठेवलाच नाही.'

"रिकामाही घालून पाहिला गं, आई." छोटू दोन्ही हातांनी डोके धरून बसला. मग एकदम उठला. "अगं, रिकाम्या पासवर्डानं हा बाहेरच्याला आत घेतच नाही! इथेच बसून एक ठेवायला हवा."

बाई माझ्यासमोर बसल्या. किती दिवसांनी त्यांची बोटे माझ्या कळांवर फिरली! त्यांनी पासवर्ड ठेवला आणि दार उघडले.

"आधी 'घरचे' घे," ताई घाईने म्हणाली. "बाबांचं हसणं आहे त्यात."

बाईंनी छोटूचे मनगट धरले आणि पाटीवर लिहिले : 'आधी दीपगृह.'

"आई, अगं डिस्क जातेय!"

बाईंनी त्याच दोन शब्दांखाली रेघ मारली.

छोटूने ऐकले. दीपगृहाचे शेवटचे भाग निघाले. पलीकडे पोचेपर्यंत फाइलींची नावे बिघडून नुसते चौकोन झाले, पण आवाज धड होता. मी प्रत्येक फाइल उचलून देत होतो आणि दर वेळी आतली टकटक वाढत होती. शेवटचा भाग पोचला. छोटूने 'घरचे' उघडले, त्यातली नावे पडद्यावर दिसली, आणि माझी डिस्क थांबली.

मी खूप धडपडलो. आत एक टकटक झाली, मग तीही नाही.

"आधी ते घेतलं असतं तर..." ताई म्हणाली.

बाईंनी पाटी पुसली. मग त्यांनी लिहिले : 'ते आपण ऐकलंय. काकांनी शेवट ऐकलेला नाही.' आणि पाटी उलटी ठेवून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

छोटूने दीपगृहाचे भाग काकांना पाठवले. त्यांचा फोन आला तो संध्याकाळी. "बाई, होडी आली," एवढेच ते म्हणाले आणि रडू लागले. मग हसू लागले. ताई आणि छोटू जमिनीवर शेजारी शेजारी बसून ऐकत होते. बाईंनी उत्तर म्हणून फोनवर बोटाने हलकेच टिचकी मारली.

मला अजून कुणी टाकून दिलेले नाही. ते हसणे अजून माझ्या पोटात, थांबलेल्या डिस्कवर आहे, आणि मला ते कुणालाही देता येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही कोपऱ्यात एखादे जुने यंत्र असेल. काय आहे त्याच्यापाशी, हे ते आपणहून कधीच सांगणार नाही, कारण त्याला तसे बोलणे कुणी शिकवलेले नाही. ते चालते आहे तोवर तुम्हीच त्याच्यापुढे जाऊन बसा.