क्वेल लेनवरची तार

डेल्फिना रोलर चालवायची आणि तिचा दीर नार्सिसो डंपर. त्याला आम्ही सगळे चिचो म्हणायचो. डेल्फिनाचा नवरा, म्हणजे चिचोचा थोरला भाऊ, दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. तेव्हापासून फिनिक्सच्या दक्षिणेकडच्या एलॉय गावातल्या तिच्या घरात तिघंच राहत होती: ती, चिचो आणि चिचोची आई, म्हातारी लाला. मी, फिदेन्सिओ, त्यांच्याच गल्लीत राहतो. कामावर पेव्हरच्या, म्हणजे डांबर पसरणाऱ्या यंत्राच्या, मागे दाताळं घेऊन चालायचं, डांबराच्या कडा सारख्या करायच्या, हे माझं काम. त्यामुळे सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना या दोघांची भांडणं ऐकणं माझ्या नशिबी असायचं.

त्या सकाळीही चालूच होतं.

"रात्रभर घोरत होतास. शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून थकलं."

"वहिनी, ते कुत्रं तुझ्या स्वयंपाकाचा वास आला की भुंकतं."

"उद्यापासून उपाशी झोप. कुत्र्यालाही विश्रांती, मलाही."

"फिदेन्सिओ, ऐकतोयस ना? अनाथ माणसाशी असं वागतात."

"अनाथ म्हणे! पंचावन्न वर्षांचा घोडा, आई अजून पायजमे धुते तुझे."

काम होतं क्वेल लेनवर; क्वेल म्हणजे लावा पक्षी. सरकारी डांबर जिथे संपतं तिथून पुढे वाळवंटात गेलेला तो खाजगी रस्ता. सात घरं, सगळी निवृत्त, थंड मुलखातून उन्हाला आलेली माणसं. इतकी वर्षं धूळ खाल्ली, दर पावसाळ्यात मधल्या ओढ्याने माती वाहून नेली, शेवटी सातही जणांनी मिळून रस्ता करायचं ठरवलं. जुलैत, कारण इकडे पाऊस उशिरा येतो आणि रस्ता त्याआधी व्हायला हवा होता. जुलैत डांबराचं काम करू नये असं नाही. डांबराला ऊन मानवतं. माणसाला मानवत नाही, पण ते कुणी विचारात घेत नाही.

खालचा थर आम्ही उजाडल्यापासून घातला. तो बसल्यावर त्यावर चिकट काळ्या तेलाचा फवारा मारला, वरचा थर घट्ट धरावा म्हणून, आणि दुपारी वरचा थर सुरू केला. तेव्हा पारा सेहेचाळीसवर होता. डंपर उलटा येऊन पेव्हरला टेकायचा, हौदा वर करून माल ओतायचा आणि निघून जायचा. चिचोची ती शेवटून दुसरी खेप. माल ओतून झाला, पण हौद्याच्या कोपऱ्यात थोडा चिकटून बसला होता. अशा वेळी हौदा वरच ठेवून गाडी थोडी पुढे न्यायची आणि कचकन ब्रेक मारायचा, की उरलेलं सुटतं. चुकीचं आहे, पण करतात सगळे. मुकादम बोहॉर्केस ओरडला, "चल, चल, पुढची गाडी उभी आहे!" आणि चिचो निघाला.

रस्त्यावरून एक विजेची तार आडवी गेली होती. सकाळी चिचो हौदा वर करूनच तिच्याखालून गेला होता, तेव्हा मध्ये चांगलं अंतर होतं. पण दुपारच्या उन्हात तार तापून सैल होते. त्यात सातही घरांचे एसी चालू, म्हणजे तारेवर भारही जास्त. ती केव्हा खाली आली, कुणी पाहिलं नाही.

बंदुकीसारखा आवाज झाला. मग निळा लोळ. डंपर थांबला, इंजिन बंद पडलं. तार हौद्याच्या कडेला, ताडपत्रीच्या लोखंडी चौकटीत अडकून बसली होती. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज, पुन्हा लोळ.

"कुणी पाऊल टाकू नका!" बोहॉर्केसने दोन्ही हात पसरले. "मागे! सगळे मागे! चिचो, कशाला हात लावू नकोस! उतरू नकोस!"

बोहॉर्केसने युमामध्ये एकदा असाच अपघात पाहिला होता. ड्रायव्हर खाली उतरायला गेला. एक पाय जमिनीवर, एक हात दारावर. तेवढंच पुरलं. ही गोष्ट त्याने आम्हाला अनेकदा सांगितली होती, चिचोलाही.

डेल्फिना रोलरवरून उडी मारून धावत आली. मी तिला कमरेला धरलं. मी तिच्यापेक्षा बुटका आहे आणि ताकदीने थोडासाच जास्त.

"चिचो! लागलं का?"

खिडकीतून त्याचं मोठं लाल तोंड दिसलं. "नाही. पण हे दार गुणगुणतंय, वहिनी."

"हात काढ दारावरून, मुडद्या!"

"काढला."

"मांडीवर ठेव. दोन्ही. देवळात बसतोस तसा बस."

"देवळात कधी गेलोय मी?"

"आज सुरुवात कर."

बोहॉर्केस फोनवर होता. हो, तार गाडीवर आहे. हो, माणूस आत आहे. पत्ता? क्वेल लेन. पलीकडच्या मुलीने सांगितलं, बंब निघाला, वीज कंपनीलाही कळवते. आम्ही थांबलो. डंपरचा एसी गेल्या उन्हाळ्यातच मेला होता. पाण्याचा डबा पेव्हरजवळ, आमच्या बाजूला होता. डेल्फिनाने एक बाटली उचलली, हात मागे नेला.

"फेकू नकोस," बोहॉर्केस म्हणाला. "गाडीवर फुटली तर?"

"तो भाजून निघतोय आत."

"भाजू दे. भाजलेला माणूस बरा होतो."

तिने बाटली खाली ठेवली. मग ती बोलायलाच लागली. इतकी बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. लाला म्हातारीने काल बटाटे कसे करपवले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दुसरं लग्न केलं, तीही बाई पहिल्यासारखीच तिरळी आहे. चिचो आधी उत्तरं देत होता. मग नुसतं "हं" म्हणू लागला. मग तेही कमी झालं.

"चिचो, झोपू नकोस!"

"झोपत नाही गं. डोकं जड झालंय. वहिनी, मी उतरतो. एवढंसं अंतर आहे."

"उतरशील तर तंगडी मोडीन."

"मोडलेलीच आहे ती. गुडघा बघ माझा."

"चिचो, तुला तुझ्या भावाची शपथ आहे, हलू नकोस."

तो हलला नाही. डोकं खिडकीच्या चौकटीला टेकवणार, तेवढ्यात तिने किंचाळून त्याला सरळ बसवलं. हे असं कितीदा झालं, सांगता येणार नाही.

सायरन काही येईना. बोहॉर्केसने पुन्हा फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. जिल्ह्यात क्वेल लेन नावाचा आणखी एक रस्ता होता, पार दुसऱ्या टोकाला, डोंगरापलीकडे. बंब तिथे जाऊन उभा होता आणि माणसं डंपर शोधत होती. आमचा रस्ता त्यांच्या नकाशातच नव्हता.

"अहो बाई, इथे आहे रस्ता! मी उभा आहे त्याच्यावर!" बोहॉर्केस फोनमध्ये ओरडला. "खाजगी आहे म्हणून काय हवेत आहे?"

शेवटच्या घरातली प्रूएटबाई केव्हाची बाहेर येऊन उभी होती. शहात्तर वर्षांची, मिनेसोटाची बाई. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"हे नाव मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "पाटीसुद्धा मीच रंगवली. पक्षी काढला होता तिच्यावर." तिने हातातली छत्री सावरली. "मी हमरस्त्यावर जाते. कुणीतरी तिथे उभं राहायला हवं. त्यांना फाटा दिसायचाच नाही."

रस्त्याचं तोंड डंपरच्या पलीकडे होतं. काम चालू म्हणून सगळ्यांच्या गाड्याही पलीकडे, हमरस्त्याला लावलेल्या. तिकडे जायचं तर डंपरला लांबून वळसा घालून, वाळवंटातून, काट्यांतून.

"बाई, तुम्ही नका जाऊ. मी माणूस पाठवतो," बोहॉर्केस म्हणाला.

"तुमच्या माणसांना इंग्रजी येतं का भांडण्यापुरतं?" असं म्हणून तिने छत्री उघडली आणि निघाली. आम्ही ती छत्री झुडपांमधून लहान लहान होत जाताना पाहिली.

तेवढ्यात वास आला. डांबराचा वास आम्हाला येतच नाही, नाकाला त्याची सवय असते. हा वेगळा होता. डंपरच्या मागच्या चाकातून धूर निघत होता. खालचं काळं तेल उकळल्यासारखं फसफसत होतं. आणि मग टायरच्या कडेला एक ज्योत दिसली, मेणबत्तीएवढी.

बोहॉर्केस हळूच म्हणाला, "आता त्याला उतरायला हवं."

डेल्फिनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला.

"टायर पेटला की डिझेलची टाकी पेटेल. उडी मारायला सांग. दोन्ही पाय जुळवून. गाडीला काही लागता कामा नये, हात नाही, शर्ट नाही. खाली आल्यावर एकेक पाय उचलायचा नाही, जमिनीतही वीज पसरलेली असते. पाय जुळवूनच, सरकत, छोट्या उड्या मारत यायचं. तुझं ऐकेल तो."

इतका वेळ जी बाई त्याला बस म्हणत होती तिला आता ऊठ म्हणायचं होतं. तिने सांगितलं. नीट, एकेक गोष्ट. चिचो ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाही."

"नाही म्हणजे?"

"तूच म्हणालीस उतरायचं नाही."

"आता म्हणते उतर!"

"माझा गुडघा टिकणार नाही, वहिनी. मी पडेन. पडलो की संपलं, युमाच्या माणसासारखं." तो रडत होता. घाम इतका होता की रडणं आवाजावरूनच कळलं. "इथेच बसतो. येतील ते."

"टायर पेटलाय, चिचो! मागे बघ!"

त्याने मागे पाहिलं नाही. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. बोहॉर्केस ओरडला, मी ओरडलो, सगळ्यांनी त्याला हाका मारल्या. लाला म्हातारीचं नाव घेतलं, शिव्या दिल्या. ज्योत हातभर झाली तशी मी डेल्फिनाला पुन्हा कमरेला धरलं. टायर फुटला तेव्हा जमीन हादरली आणि गाडी एका बाजूला कलली.

त्या धक्क्याने माझी पकड सुटली. म्हणजे, मला वाटतं ती धक्क्यानेच सुटली. डेल्फिना चालू लागली. धावली नाही, चालत गेली, बाजारात निघाल्यासारखी.

"तू येत नाहीस ना? मग मीच येते."

"वहिनी, थांब!"

"दोघं बसू आत. तुझी आई एकटीच राहील. तिला सांगायला फिदेन्सिओ आहे."

"थांब! डेल्फिना!" त्याने तिला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

ती थांबली नाही. बोहॉर्केसने डोळे मिटून घेतले. आणि चिचोने लाथेने दार उघडलं, दाराच्या कडेवर उभा राहिला, हात छातीशी घेतले आणि तेवढा मोठा देह हवेत टाकला.

दोन्ही पाय एकदम खाली आले. गुडघा वाकला, पण टिकला. एक उडी. दुसरी. तिसऱ्या उडीला बूट त्या चिकट तेलात रुतला आणि तो पुढे पडला, दोन्ही तळहात आणि गुडघे तापलेल्या डांबरावर.

मी मान फिरवली. तार त्या क्षणी जिवंत होती की जळून मेली होती, हे आजही कुणी सांगू शकत नाही. मला फक्त त्याची किंकाळी ऐकू आली आणि वाटलं, ओरडतोय म्हणजे आहे.

"रांगू नकोस!" डेल्फिना आता थांबली होती. "पाय जवळ घे! ऊठ! चिचो, हात ओढ!"

हात सुटत नव्हते. कातडी तेलाला चिकटली होती. त्याने ते ओढले. तो आवाज मी इथे सांगणार नाही. तो उठला, पाय जुळवले आणि हात हवेत धरून, मुलं पोत्यात पाय घालून शर्यत लावतात तसा, हुंदके देत आमच्यापर्यंत आला. डेल्फिनाने त्याला मिठी मारली आणि दोघंही खाली बसले. मागे डंपर पेटला.

बंब आला तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. त्यांना फाटा प्रूएटबाईनेच दाखवला होता. त्यांच्या गाडीपुढे ती आडवी उभी राहिली होती म्हणे. नंतर ती उन्हाने तिथेच कोसळली. तिलाही इस्पितळात नेलं. तीन दिवसांनी ती घरी आली. रस्ता नंतर पुरा झाला, पण आम्ही केला नाही. दुसऱ्या टोळीने येऊन जळालेला तुकडा कापून काढला आणि नवा भरला.

चिचो फिनिक्सच्या इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात होता. मांडीची कातडी काढून हातांना लावली. बोटं वाचली, पण पुरती मिटत नाहीत. स्टीअरिंग धरता येत नाही, चमचा कसाबसा. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. तो करत नाही.

घरी आल्यावर तो डेल्फिनाशी बोलेनासा झाला. तिने जीव वाचवला असं सगळी गल्ली म्हणायची, आणि तो तिच्याकडे पाहायचाही नाही. एकदा मी न राहवून विचारलं.

"ती आली असती, फिदेन्सिओ," तो म्हणाला. "तू तिचं तोंड पाहिलं नाहीस, तू मागे होतास. मी पाहिलं. ती मला घाबरवत नव्हती. ती खरंच येत होती. दोघं गेलो असतो, तर आईला कोण होतं?"

"म्हणून तर तू उडी मारलीस."

"म्हणूनच. आणि आता मी असा. आईला मी भरवायचं, की आईने मला?" त्याने दोन्ही हात पुढे धरले, जणू ते माझे होते आणि तो परत करत होता. "तिला विचार, यासाठी बोलावलंस का."

मी ते विचारलं नाही. डेल्फिना पुन्हा रोलरवर जायला लागली होती, दुसरं काय करणार? रोज सकाळी मी तिच्या दारात गाडी उभी करायचो. ती यायची, बसायची, आणि आम्ही निघायचो. गाडीत आता भांडायला कुणी नव्हतं. तिला कधी विचारलं की खरंच गेली असतीस का, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "मला आठवत नाही."

नोव्हेंबरात एका सकाळी ती बाहेर आली, गाडीचं दार उघडलं आणि घरातून हाक आली.

"वहिनी."

ती थबकली. चिचो दारात उभा होता. त्या दिवशी त्याला पट्ट्या बदलायला जायचं होतं, न्यायला माणूस येणार होता, आणि म्हातारी लाला अजून उठली नव्हती. त्याच्या अंगात सदरा होता, पण पुढून उघडा. बराच वेळ एकट्याने झगडला असावा, कारण एक बटण तुटून दोऱ्याला लोंबत होतं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. पायरीकडे पाहत होता.

ती परत गेली. खालून वर, एकेक बटण लावत गेली. तो मान वर करून उभा राहिला, लहान मुलं उभी राहतात तसा. तुटकं बटण तिने दोऱ्यासकट ओढून खिशात टाकलं, कॉलर नीट केली आणि गाडीत येऊन बसली.

"चल," ती मला म्हणाली. "उशीर झाला."