डुकराला सातबारा लागत न्हाई

"पंधरा दिसांत एक जरी रानडुक्कर पाडलंस, तर भर बाजारात चार पायांवर रांगत डुकरावानी वरडंन!" पारावर बसून मी बोललो.

"न्हाई पाडलं तर मी रांगंन," लालासाहेब म्हणाला. झाली पैज.

लालासाहेब माझा बांधकरी, रानाला रान लागून. फौजेतनं सुभेदार हुऊन आलेला. डुकरं रोज त्याचा मका लोळवत हुती. बंदूक हुतीच, म्हणून डुकरं मारायचा पंधरा दिसांचा परवाना काढलेला.

पण परवान्यावर गट नंबर फकस्त त्याचा. डुकरं दिसभर फॉरेस्टात. तितं बार काढला की केस. तितनं येणार माझ्या भुईमुगातनं. तितला कागद न्हाई. मक्याजवळ आली, की ह्याचा वास लागून माघारी फॉरेस्टात. गडी नुसता दातओठ खाई.

त्यात माझी खोड. फॉरेस्टच्या हद्दीचे दगड चुना लावल्याले. मीबी एक दगड रंगवला आन् त्याच्या मक्यात मधोमध रवला. फौजी माणूस, चुना दिसला की हद्द! "नवी मोजणी झाली वाटतं," म्हणत निम्मा मका सोडून मागं सरकला. मी बांधाआड हसून हसून आडवा.

बाराव्या दिशी डुकरांनी त्यो सोडलेला मका संपवला. तेराव्याला डुकरांनी माझा भुईमूग उकरला.

"हसा आता!" आमची कारभारीण धोंडुबाई कडाडली. "वर्साचं त्याल त्यातच हुतं!"

मी पळत सुटलो. "लालासाहेब, मार की रं!"

"तुजा गट कागदावर न्हाई."

"आरं, माजंच रान हाय! मीच सांगतोय न्हवं?"

"मला नगं. फॉरेस्टच्या सायबाला सांग."

सायब मीटिंगला. सातबारा जुना. नवा न्हेला, तर शिक्का कुलपात आन् किल्लीवाला लग्नाला. डुकरांस्नी हाय का कुटं सातबारा? पंधराव्या दिशी दुपारी माझा गट कागदावर चढला. दिस मावळायच्या आत बार झाला. डुक्कर पडलं माझ्याच भुईमुगात. पैज मीच कागद आणून हरलो.

बाजारादिशी भाजीवाल्यांतनं रांगाय लागलो. तेवढ्यात लालासाहेबानं खांद्यावरचा पांढरा दगड माझ्या पाठीवर ठेवला.

"हापिसात इचारलं मी. फॉरेस्टचा न्हाई ह्यो. तुजा हाय, घरला ने."

सगळा बाजार हसतोय. मी आपला "हुंक, हुंक."

टमाट्यांच्या ढिगाआडनं धोंडुबाई वरडली, "आवं, मोट्यांदा! मागच्यांस्नी ऐकू येत न्हाई!"