मास्तरांचं सॉरी

शिंपीमास्तरांच्या जिभेवर ‘सॉरी’ हा शब्द मुक्कामालाच होता. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावताना सॉरी, काढताना सॉरी. एकदा खुर्चीवर गुडघा आपटला, तेव्हा ते खुर्चीलाही म्हणाले. खुर्चीने मनावर घेतलं नाही.

त्यामुळे ‘सोमवारपासून मी कारखान्यात शिवायला जाणार,’ असं धाकट्या भावाने जाहीर करताच मास्तरांनी सॉरी म्हणून टाकलं आणि इस्त्री तापत ठेवली. त्यांच्या मते प्रकरण मिटलं.

प्रकरण एका साहेबांच्या कोटाचं होतं. दुकानाची रीत अशी, की मास्तरांनी खडूने आखून कापायचं आणि धाकट्याने रेघेवरून मशीन चालवायची. रेघेला प्रश्न विचारायचे नाहीत. यावेळी मास्तरांनी बाह्या आखल्या त्या वहीतलं भलत्याच माणसाचं माप बघून. साहेबांनी कोट चढवला, तर बाह्या कोपराखाली चार बोटांवर संपल्या. मास्तर पटकन म्हणाले, “सॉरी हं साहेब, आमचा धाकटा जरा धांदरट आहे.”

वीस वर्षांत धाकट्याची शिलाई एकदाही रेघ सोडून गेली नव्हती.

“भावोजी मशीनला तेल घालून, झाकण लावून गेलेत,” मास्तरांची बायको म्हणाली. “परत येणाऱ्या माणसाचं हे लक्षण नाही.”

“मी सॉरी म्हटलंय की!”

“काल मांजराच्या शेपटीवर पाय पडला, तेव्हाही म्हटलंत. सख्खा भाऊ आणि मांजर एकाच रांगेत?”

शनिवारी धाकटा आपली कात्री न्यायला आला. मास्तरांनी तोंड उघडलं. सवयीचा शब्द पुढे धावला, तो त्यांनी दाताखाली धरला. मागे जे उरलं, ते भलतंच जड निघालं.

“मापात मी चुकलो. तुझ्यावर ढकललं. चुकलं माझं.”

धाकट्याने कात्री पिशवीत टाकली. “अब्रू घालवलीस गिऱ्हाइकासमोर, दादा, आणि कबुली देतोस भिंतीसमोर?”

मास्तरांनी वही आणि टेप उचलली, चपला घातल्या आणि तडक साहेबांचं घर गाठलं. धाकटा मागोमाग, पण दहा पावलं अंतर ठेवून.

“साहेब, धांदरट मी आहे. याची शिलाई बरोबर होती, माझी रेघच चुकली.”

“इट्स ओके, मास्तर, इट्स ओके!”

“ओके नाही, साहेब,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फाटला, की साहेब घाबरून पाणी आणायला वळले.

“थांबा साहेब,” दारातून धाकटा म्हणाला. त्याने भावाच्या हातातली टेप घेतली. “हात सरळ ठेवा. दादा, मी सांगतो ते लिही. आणि आधी वर साहेबांचं नाव घाल.”