सफरचंदाचे फिलोस

आमच्या रेडीत सफरचंद कोणी हौसेने विकत घेत नाही. आंबा, फणस, काजू दारात असताना घेईल कशाला? सफरचंद घ्यायचं ते आजाऱ्याला बघायला जाताना. त्यामुळे पित्ताशयाचं ऑपरेशन करून मी घरी आले आणि माझं जेवणाचं टेबल सफरचंदांनी भरून गेलं. येणारा पिशवी ठेवायचा, माझ्याकडे बघून हळहळायचा आणि माझ्यादेखत माझ्या मुलाला विचारायचा, "रॉयडन, मम्मी जेवता मां?" अरे, मी समोर बसलेय! माझं पित्ताशय काढलं होतं, जीभ जागेवर होती.

रॉयडन मुंबईहून आला तो ठरवूनच. मम्मीने आता एकटं राहायचं नाही. बुधवारी गाडी, घराला कुलूप. हे मला त्याने सांगितलं नाही, शेजारच्या आनंदीकडून कळलं. साऱ्या वाडीला माहीत, फक्त जिला न्यायचं तिलाच नाही. विल्सनने, माझ्या नवऱ्याने, आखातात उन्हात राबून हे घर बांधलं आणि तो गेल्यावर मी एकटीने राखलं. मला इतका राग आला की टाके दुखायला लागले.

आदल्या दिवशी मंगळवार, आमचा इंत्रूज. दुसऱ्या दिवसापासून उपासाचा काळ लागतो, म्हणून त्या दिवशी गोडधोड करून घ्यायचं. आमच्याकडे फिलोस होतात, केळी कुस्करून मैद्यात कालवून तळलेले. ते शेजारीपाजारी वाटायचे. पण यंदा केळीचे घड माकडांनी संपवले होते.

मी टेबलाकडे बघितलं आणि उठून कढई काढली.

सामान बांधायला आलेली माझी जाऊ, प्रिसिला, दारातच थबकली. "सफरचंदाचे फिलोस? खुळावलंस काय गो?"

"मम्मी, तू झोप बघू," रॉयडन म्हणाला.

"तूच झोप," मी म्हटलं.

पहिला घाणा पार फसला. हाताला केळ्याची सवय, म्हणून मी सफरचंदही किसून मैद्यात कालवलं. त्याला सुटलं पाणी. तेलात सगळा गाळ झाला आणि प्रिसिला तोंडाला पदर लावून हसली. हस म्हटलं. मग मी सफरचंदाच्या चकत्या केल्या, मधला बियांचा भाग काढला. मैदा, अंडं, नारळाचा रस, साखर आणि जायफळ घालून पीठ दाट भिजवलं आणि एकेक चकती बुडवून सोडली. चकत्या टम्म फुगून वर आल्या. हसणारी प्रिसिलाच पहिला फिलोस उचलून मोकळी झाली.

"प्रिसिलाकाकी वाटून येईल," रॉयडन म्हणाला. मी चर्चला जायची साडी नेसले आणि ताटल्या घेऊन स्वतः निघाले. ज्या ज्या घरातून सफरचंदं आली होती, त्या त्या घरी गेले. "तुमचीच फळां," मी सांगत होते. "मी आजारी नाय. आता तुम्ही खावा." कोणी ओशाळलं, कोणी हसलं. आनंदीने ताटली घेतली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

घरी येऊन बसले तेव्हा टाके ओढत होते. ते मी कोणाला दिसू दिलं नाही. आता खरी भीती वाटत होती. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. तिच्यात पुन्हा सफरचंद आलं, तर मी या लोकांच्या हिशेबी संपलेच म्हणायचं.

संध्याकाळी ताटल्या यायला लागल्या. एकीत सुकट, एकीत आमसुलं. शेवटी आनंदी आली. तिच्या ताटलीत ओल्या मातीसकट मिरचीची रोपं होती.

"आमच्याकडे जागा उराक नाय," ती म्हणाली. "तू लाय. मिरच्यो लागल्यो की अर्ध्यो माका दी."

रॉयडन वैतागला. "आनंदीकाकी, आम्ही उद्या निघतोय. ही लावणार कोण, पाणी घालणार कोण?"

"फाल्या तू जा," मी म्हटलं. "मी खंयच येवचंय नाय. पडलंय, झडलंय तर तुका फोन करीन. पण कुलूप लावचा तर मी मेल्यावर लाय."

तो माझ्याकडे बघेना. आनंदीकडे वळून म्हणाला, "काकी, तुम्ही तरी सांगा. हिला जमेल का?"

आनंदी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माका कित्याक इचारतंस? तुझ्या आवशीक इचार."

रॉयडनने तिच्या हातातून रोपांची ताटली घेतली. प्रिसिला बांधलेल्या पेटीवर बसून राहिली. मग आल्यापासून पहिल्यांदा माझ्या मुलाने मला काहीतरी विचारलं.

"खंय लावया, मम्मी?"

मी त्याला विहिरीकडची जागा दाखवली आणि कुदळ आणायला पाठवलं.